पाटाच्या बाईची जमीन कुणी घेतली?

खानापूरकर: १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं कौतुक शाळेपासून ऐकतोय. पण बेळगाव भागातल्या शेतकरी जातींत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आधीपासून लागायचाच, कन्नड शेजारी त्याला उडकी म्हणतात. उलट या कायद्याच्या दुसऱ्या कलमानं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाटाची रूढीच आहे त्यांना हे कलम लागत नाही, असं अलाहाबाद हायकोर्टानं धरलं. मुंबई हायकोर्टानं ते लावलं, आणि बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडंच होतं. सुधारणा वरच्या जातींची, भुर्दंड आमच्या बायकांना.

निपाणीची लेक: दादा, हे मला मुळीच पटत नाही. माझ्या पणजीचा पाट लागला तो रात्री, मागच्या सोप्यात, दिवा बारीक करून. सवाष्णींना तिथं यायला बंदी. पुढं भावकीत कुणाचंही लग्न निघालं की हळदीच्या जात्याला तिला हात लावू द्यायचे नाहीत. ती उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायची. रूढी होती म्हणून मान होता असं समजू नका. आणि जमिनीचं म्हणाल, तर रूढीप्रमाणंही पाट लावणारी बाई बऱ्याच ठिकाणी पहिल्या घरचं सगळं सोडूनच जायची. कायद्यानं निदान असं लग्न आणि त्याची मुलं कायदेशीर ठरवली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, तो उगाच नाही.

सौंदत्ती रस्ता: ज्या पोरी यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडल्या, त्यांना तर पाटसुद्धा नव्हता. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं की संपलं. मुंबई इलाख्यानं १९३४ साली अशा बाईचं लग्न कायदेशीर मानलं, देवाला सोडणं गुन्हा ठरवलं. तरी १९८२ ला कर्नाटकाला पुन्हा कायदा करावा लागला. नुसत्या कायद्यावर एवढा भरवसा कसा ठेवता?

निपाणीची लेक: भरवसा नाही ठेवत. पण कायदाच नसता तर त्या बाईनं कुणाच्या दारात जायचं होतं?

खानापूरकर: मानाचं तुमचं खरं आहे, ताई, ते मी मानतो. जमिनीचं मात्र सोडणार नाही. रूढी पंचांना बदलता आली असती, हायकोर्टाचा निकाल बदलायला ते कुठं जाणार होते? पणजीचं नाव उताऱ्यावर होतं का?

निपाणीची लेक: नव्हतं. दोन्ही गावांत नव्हतं.