उत्तर: उत्तर: शनिवारची तीन मिनिटं – स्लाइड कुठे आहेत?

कार्यक्रम समिती:
मंडळी, शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात आपलं संशोधन तीन मिनिटांत सांगणाऱ्या आठ पीएचडीवाल्यांपैकी पाच जणांच्याच स्लाइड आल्यात. एकाने सतरा पाठवल्यात! एक स्लाइड, हलती चित्रं नकोत, तीन मिनिटं झाली की घंटा. आरतीचीच वापरू. सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ करतेय, दिवाळीसारखी लॅपटॉपची अदलाबदल या वेळी नाही.

खजिनदार:
आठ त्रिक चोवीस हे कागदावर. टाळ्या, माइक खालीवर, 'आवाज येतोय का', धरा चाळीस. नऊनंतर हॉलचे जादा पैसे पडतात, ते मंडळ भरणार नाही.

नाटकवाले काका:
म्हणजे एकांकिका कापा, सरळ सांगा ना. आणि तीन मिनिटांत काय होतं हो? आमची नांदीसुद्धा संपत नाही.

संख्याशास्त्रवाली ताई:
काका, ही तीन मिनिटं आपल्या ब्रिस्बेनचीच आहेत. थ्री मिनिट थीसिस, म्हणजे तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा, २००८ साली इथल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. ८०,००० शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायला नऊ तास लागतील, म्हणून. तेव्हा दुष्काळ होता, लोक बाथरूममध्ये तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून अंघोळ करायचे. त्यावरून विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचे तेव्हाचे डीन ॲलन लॉसन सरांना सुचलं.

नाटकवाले काका:
आमचं चार मिनिटांचं होतं. दुष्काळातली पाणी वाचवायची मोहीम, टार्गेट १४०, माणशी दिवसाला १४० लिटर. अजून भिंतीला आहे, आणतो शनिवारी. वाळू मधेच अडकते, टिचकी मारावी लागते.

खजिनदार:
अडकणारं घड्याळ नको. घंटा मी वाजवीन.

सतरा स्लाइडवाला:
सॉरी, तो मीच. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार आहात का? आमचा पेटंटचा अर्ज अजून गेलेला नाही. आधी जाहीर झालं तर युरोपात पेटंट मिळत नाही, असं सुपरवायझर म्हणाल्या.

संख्याशास्त्रवाली ताई:
अरे, हॉलमध्ये बोललास तरी ते जाहीरच. अडचण काय आहे तेवढं सांग, उपाय सांगू नकोस. आणि तू कुठल्या मजल्यावर बसतोस? नोंदणीत पत्ता बघितला, माझ्याच इमारतीतला. दोन वर्षांत लिफ्टमध्येसुद्धा भेट नाही!

सतरा स्लाइडवाला:
चौथ्या. सोमवारी कॉफी? एका आलेखाचं विचारायचंय, महिनाभर अडकलोय.

कोल्हापूरच्या काकू:
उसावर काम करणाऱ्या मुलीने स्लाइडवर 'रॅटून' लिहिलंय. अगं, खोडवा म्हण. इथले बरेच शेतकरी पाचट जाळत नाहीत, रानातच पसरून ठेवतात ना? ते नीट सांग, माझ्या भावाला दाखवायचंय. तिचं तरी रेकॉर्डिंग करा.

कार्यक्रम समिती:
ज्याने हो म्हटलं त्याचंच रेकॉर्डिंग. काकू, तिच्या तीन मिनिटांत प्रश्न विचारायचे नाहीत, जेवताना विचारा. तीन स्लाइड अजून बाकी आहेत.

सतरा स्लाइडवाला:
सतराची एक केली. अक्षरं जरा बारीक झालीत.

कार्यक्रम समिती:
उघडली. वाचता येत नाही. परत पाठव.