वीस वेळा "मी" लिहा म्हणाले. माझा "मी" हरवलाय का?

खिडकीची जागा:
गेल्या आठवड्यात ऑफिसात 'स्वतःला ओळखा' छाप प्रशिक्षण झालं. "मी ... आहे" हे वाक्य वीस वेळा पुरं करायचं. मी भराभर लिहीत गेले: आईची धाकटी, पाचवीतल्या पोराची आई, लालबागची, ८:१२ च्या लेडीज डब्यातली... अकरा वाक्यं झाली तरी 'हुशार', 'तापट' असलं काही नाहीच. बाईंनी कागद बघून विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" सगळे हसले. मीही हसले, पण लागलं ते.

मग वाचत बसले. ही चाचणी कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन अभ्यासकांची, १९५४ सालची. पुढे १९९१ मध्ये मार्कस आणि कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी 'स्व'ची दोन चित्रं मांडली. एकात 'मी'चं वर्तुळ आई, भाऊ, मित्र यांच्यापासून सुटं. दुसऱ्यात सगळी वर्तुळं एकमेकांत शिरलेली, म्हणजे 'परस्परावलंबी' स्व. म्हणजे माझा कागद रिकामा नव्हताच! नाती वजा करून जे उरेल तेवढंच खरं 'मी', हे कोणी ठरवलं? चाळीत दारं दिवसभर उघडी असायची. त्यात सुटं वर्तुळ आणायचं कुठून?

कॉमन नळ:
ताई, चाळीचं कौतुक आता पुरे. मीही वरळीच्या बीडीडीतला. १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात जण. वर्तुळं एकमेकांत शिरली होती, कबूल. पण कोणाचं कोणात? बाबांचं कोणातच शिरलं नाही. मला आर्ट्सला जायचं होतं. आयटीआय ठरलं ते मजल्यावरच्या काकांच्या सांगण्यावरून, बाहेरच्या गॅलरीत, मी नळावर पाणी भरत असताना. 'परस्परावलंबन' शब्द छान आहे. त्यातलं 'परस्पर' कितपत खरं, ते घरातल्या सुनेला विचारा.

पोटमाळा:
नळवाले, शंभर टक्के. आमच्याकडे माझं लग्नही असंच 'परस्पर' ठरलं होतं. 😄

चौथी सीट:
दोघंही एक गोष्ट विसरताय. कझिन्स नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना हीच चाचणी दिली, तेव्हा त्यांनी स्वभावगुण कमी लिहिले. पण "घरी मी कसा", "मित्रांत मी कसा" असं विचारल्यावर अमेरिकनांपेक्षा जास्त लिहिले. म्हणजे 'मी' होताच, प्रश्न मोघम होता.

आणि गटाचं म्हणाल तर ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचा, १९७० च्या आसपासचे. ब्रिस्टलची शाळकरी मुलं. पडद्यावर ठिपके किती ते अंदाजाने सांगायला लावलं आणि त्यावरून गट पाडल्याचं सांगितलं. खरं तर गट वाटेल तसे पाडले होते. तेवढ्यावर पोरं आपल्या गटाला जास्त गुण वाटू लागली. आपले थोडे कमी झाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत! आमच्या डब्यात रोज हेच. भजनी ग्रुपच्या खिडकीत परवा एक नवखा बसला. कोणी काही बोललं नाही. टाळ फक्त त्याच्या कानापाशी वाजायला लागले. दादरला उतरला बिचारा, आणि मग पुढच्या डब्यात चढला. हाच ग्रुप मला रोज न सांगता सरकून चौथी सीट देतो. ऊब आणि जाच एकाच बाकावर.

खिडकीची जागा:
नळवाले, बाबांचा मुद्दा बरोबर आहे, तो मी सोडूनच दिला होता. तरी एक सांगते. जोन मिलर या संशोधिकेने १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. आठ वर्षांच्या मुलांत फारसा फरक नव्हता. वय वाढेल तसे अमेरिकन स्वभावाकडे बोट दाखवू लागले आणि म्हैसूरचे परिस्थितीकडे. लहानपणी आपणही वेगळे नसतो. माणसाकडे त्याच्या गोतावळ्यासकट बघायला हळूहळू शिकतो. हा कमकुवतपणा कसा?

कॉमन नळ:
विषय बदलू नका. दुसऱ्याचं वागणं कसं समजून घेता हा एक प्रश्न. स्वतःचं ठरवायची मुभा कोणाला, हा दुसरा. म्हैसूरवाल्यांनी माझ्या काकांनाही परिस्थितीमुळेच माफ केलं असतं.

खिडकीची जागा:
चिडू नका, ऐका. काल आईला तोच कागद दिला. नऊ वाक्यं पटापट: अमक्याची बायको, तमक्याची आजी, देवळातल्या मंडळाची. मग बराच वेळ पेन दाताखाली. दहावं वाक्य लिहिलं, "मी वांगं न आवडणारी आहे." चाळीस वर्षं तिच्या हातची भरली वांगी खातोय आम्ही. कोणालाच माहीत नव्हतं.

कॉमन नळ:
बघा! मग आज काय केलंत?

खिडकीची जागा:
मी बटाट्याची भाजी टाकणार होते. तिने हातातून कढई घेतली. वांगीच केली. म्हणाली, "ह्यांना रविवारी लागतात."