रसेल पहिल्या दहांतही नको?

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या आजवरच्या सर्वोत्तम दहा खेळाडूंच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "सामन्याला सरासरी जेमतेम 15 गुण, त्यात तेव्हा लीगमध्ये संघही मोजके, मग बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल पहिल्या दहांत कशाला?" मला हे अजिबात पटत नाही.

13 हंगामांत 11 विजेतेपदं, त्यातली शेवटची 2 स्वतःच प्रशिक्षक असताना. मालिकेतला निर्णायक सातवा सामना 10 वेळा खेळला, दहाही वेळा जिंकला! आणि त्याचे ब्लॉक, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे टाकलेला बॉल हाताने अडवणं, कुठल्याच तक्त्यात दिसणार नाहीत, कारण एनबीएत ते 1973-74पासून मोजायला लागले. हा 1969 लाच निवृत्त झालेला.

इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर शिकताना मी ब्लॉक करताना उंचीच्या जोरावर फाडकन बॉल बाहेर भिरकावायचो. सर लगेच शिट्टी मारायचे, "बॉल परत त्यांनाच दिलास ना?" मग बोटांच्या टोकांनी हलकेच आपल्या गड्याकडे ढकलायला लावायचे, हात भरून येईपर्यंत. रसेल नेमकं हेच करायचा. ब्लॉक झाला की बॉल सेल्टिक्सच्या हातात, तिथूनच पळती चढाई सुरू. हे गुण त्याच्या नावावर कोण मांडणार?

माझ्या यादीत मायकेल जॉर्डन, करीम अब्दुल-जब्बार आणि तिसरा रसेल. त्याच्याच काळातला विल्ट चेंबरलेन त्याच्या खालीच.