हॉटेलने कार्डावर अडकवलेले १५,००० कधी सुटणार?

प्रश्न: माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट ६०,०००. चेक-इनला हॉटेलने डिपॉझिट म्हणून १५,००० ब्लॉक केले, निघताना ९,२०० चं बिल वेगळं स्वाइप केलं. आता ॲपमध्ये जेमतेम ३५,८०० दिसतात, स्टेटमेंटमध्ये मात्र त्या १५,००० चा पत्ता नाही. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ४०,००० भरायचेत, जीव टांगणीला लागलाय.

उत्तर: ताई, मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच असतो. ते पैसे कापलेले नाहीत, राखून ठेवलेत. म्हणून स्टेटमेंटला येत नाहीत, व्याजही लागत नाही. पण लिमिट तेवढं कमीच दिसतं. खरं तर बिल त्याच प्री-ऑथमधून, म्हणजे या राखून ठेवलेल्या रकमेतून, वळतं करायला हवं होतं. हॉटेलला फोन करा, चेक-इनच्या स्लिपवरचा अप्रूव्हल कोड सांगा आणि 'प्री-ऑथ रिलीज करा' म्हणा. रिलीज केल्याचा मेल मागाच, नुसत्या 'हो मॅडम'वर फोन ठेवू नका. बँकेकडे तोच मेल कामाला येतो.

दुसरं उत्तर: तोवर बिलाची वाट न बघता ९,२०० आत्ताच भरून टाका. पेमेंट जमा झालं की ४५,००० मोकळे होतील, ऑपरेशनचं भागेल.

प्रश्नकर्ती: हे सुचलंच नव्हतं! लगेच भरते. स्लिपही पर्समध्ये सापडली, हॉटेलला फोन लावते.