जपानमधल्या लहान मंडळीत दोन आठवडे सेवा: सोलापुरातून जाणाऱ्या मुलाची तयारी

तरुणसंघ_सोलापूर
सर्वांना सलाम. आमच्या संघातला एक मुलगा (वय २३, गिटार चांगली वाजवतो) ऑगस्टमध्ये दोन आठवडे ओसाकाजवळच्या एका लहान मंडळीत (चर्चमध्ये) जाणार आहे. तिथल्या पाळकांनी बोलावलंय, मुक्काम मंडळीतल्याच एका घरी. पर्यटनाचा ई-व्हिसा काढला तर चालेल का? भेट म्हणून चादरी आणि शेंगा चटणी न्यायचं ठरतंय. उपासनेत दहा मिनिटांची साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं), मुलांचा एक कार्यक्रम आणि स्टेशनवर पत्रकं वाटणं एवढं मनात आहे. कुठे अडेल ते स्पष्ट सांगा.

कागदपत्रवाले_काका
ई-व्हिसा नको. तो फक्त पर्यटनासाठी आहे आणि हा मुलगा निमंत्रणावरून जातोय. जे खरं आहे तेच अर्जात लिहा. व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे अल्पमुदतीच्या भेटीचा अर्ज करा. पाळकांकडून निमंत्रणपत्र आणि तारीखवार कार्यक्रम मागवा, त्यात रोजचा मुक्काम पत्ता-फोनसह हवा. खर्च तिकडचे लोक करणार असतील तर हमीपत्रही लागतं. खर्च इकडून असेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरण जोडा, वडील पैसे देत असतील तर त्यांचं. बहुतेक वेळा घोळ होतो तो तारखांचा: निमंत्रणात एक, कार्यक्रमात दुसरी, तिकिटावर तिसरी. तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघा.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून फेब्रुवारीत घाई करू नका. जूनच्या मध्यात अर्ज करा. या व्हिसावर मानधन घेता येत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. कुणी पाकीट पुढे केलं तर पाळकांशी बोलून नम्रपणे परत करावं.

ऑगस्टचाही फेरविचार करा. १३ ते १६ च्या सुमारास ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण असतो. लोक गावी जातात, गाड्या भरलेल्या असतात आणि निम्मी मंडळी जागेवर नसते. शिवाय दमट उकाडा (सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामी येत नाही) आणि वादळांचा मोसम. मुलांचा कार्यक्रम महत्त्वाचा असेल तर मार्चअखेरची शाळांची सुट्टी बरी, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

मेरीताई_पुणे
साक्ष दहा मिनिटांची नको, पाचच मिनिटांची लिहा. दुभाषी एकेक वाक्य सांगणार, म्हणजे वेळ दुप्पट होतो, आणि त्यांची उपासना ठरल्या वेळेला संपते. मराठी जाणणारा दुभाषी मिळणं कठीण, तेव्हा मजकूर इंग्रजीत करून किमान दोन आठवडे आधी पाठवा. एका ओळीत एकच छोटं वाक्य, ओळींना क्रमांक, दोन ओळींमध्ये भरपूर जागा. दुभाषी त्या जागेत आपलं जपानी लिहितो आणि मुलगा मध्येच कुठे थांबला तरी क्रमांकावरून सापडतं. वचनाचा फक्त अध्याय आणि ओवी द्या, तो ते जपानी पवित्र शास्त्रातून वाचेल. काही मंडळ्या शिनकाइयाकु हे भाषांतर वापरतात, काही शिन-क्योदोयाकु, तेही विचारून ठेवा. ‘रक्ताने धुतलो गेलो’ असं नुसतं म्हटलं तर पहिल्यांदा आलेला माणूस दचकतो. तिथे अर्थ उलगडून सांगा. लोक मध्येच आमेन म्हणणार नाहीत, शांत बसून ऐकतील. त्याला थंडपणा समजून आवाज चढवू नये.

एक धागा साक्षीत जरूर घ्या. सोलापुरात काम उभं करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची पालकसंस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड ही अमेरिकेतली मिशनरी संस्था. त्याच बोर्डाचे मिशनरी १८६९ पासून जपानात होते आणि त्यांच्याच आधाराने नीजिमा जो या जपानी ख्रिस्ती माणसाने १८७५ मध्ये क्योतोत दोशिशा ही शिक्षणसंस्था काढली. ओसाकाच्या पट्ट्यात हे नाव सगळ्यांना माहीत असतं.

चादर यजमानांना एकच द्या, तिथल्या घरांत कपाटं लहान. बाकीच्यांना सोलापूरचे छोटे टॉवेल द्या. जपानी माणूस हातरुमालासारखा टॉवेल रोज जवळ बाळगतो. चार-चारचे संच मात्र करू नका, तो आकडा अशुभ मानतात. चटणी सीलबंद पाकिटात, घटक इंग्रजीत छापलेली हवी. शेंगदाण्याची ॲलर्जी तिथे गांभीर्याने घेतात. मटणाचं लोणचं, ताजी फळं, कढीपत्ता अजिबात नको.

घरी राहताना न्हाणीघराची रीत पाळा. टबच्या बाहेर बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं, मगच टबमध्ये उतरायचं. पाणी सोडून द्यायचं नाही, तेच सगळं घर वापरतं. आणि यजमान घरात एकटेच विश्वासी (ख्रिस्ती) असू शकतात. घरात बौद्ध देव्हारा दिसला तर त्यावर एक अक्षर बोलू नये. त्यांनी तो प्रश्न वर्षानुवर्षं प्रार्थनेत धरलेला असतो.

संडेस्कूल_दादा
स्टेशनवरची पत्रकं बेतातून काढा. रस्त्यावर वाटपाला पोलिसांची परवानगी लागू शकते, आणि इमारतीवर पत्रकबंदीची पाटी असताना आत शिरून टपालपेट्यांत टाकली तर अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते. १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत केलेल्या विषारी वायूच्या हल्ल्यापासून लोक अनोळखी धर्मप्रचाराला बिचकतात. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान आबे यांच्या हत्येनंतर, मारेकऱ्याचा राग ज्या पंथावर होता त्या युनिफिकेशन चर्चचं प्रकरण गाजलं आणि संशय आणखी वाढला. मुलगा दोन आठवड्यांनी परत येईल, तक्रारीला तोंड पाळकांना द्यावं लागेल. त्यापेक्षा मंडळीच्या लोकांनी शेजाऱ्यांना बोलवावं आणि याने गिटार वाजवावी, चहा करावा, नंतर खुर्च्या आवराव्यात. वयस्कर मंडळीत हे काम करणारे हात कमीच असतात.

मुलांच्या कार्यक्रमाला पालकांची लेखी संमती घ्या. नरकाची भीती दाखवणारी गोष्ट किंवा चित्र नको. धर्माच्या नावाने मुलांना धाक दाखवण्याबद्दल सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मुलांचे चेहरे संघाच्या ग्रुपवर टाकू नका.

तरुणसंघ_सोलापूर
मनापासून आभार. पत्रकं रद्द केली, साक्ष पाच मिनिटांची करतो. औषधं नेण्याचं काय?

कागदपत्रवाले_काका
सर्दीच्या गोळ्यांचे घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानात नेता येत नाही, कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही घरीच ठेवा. रोजची गोळी असेल तर महिन्याच्या आतला साठा, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. तिथे वीज १०० व्होल्टची आणि पिन दोन चपट्या, म्हणजे मोबाइलचा चार्जर ॲडाप्टरवर चालेल, पण इथली पाणी तापवायची किटली नेऊ नका.