कामासाठी बेटावर राहायला जायचा विचार केला होता का कोणी?

पऱ्हाटी (आर्णी): काल पुलावरून पाणी गेलं, एसटी आलीच नाही, न् मले एकदम लक्षद्वीपमधलं कवरत्ती बेट आठवलं. यांना तिथल्या कामाचं विचारलं होतं. आधी पाहून तरी यावं म्हणून परमिट काढून गेलो. विमान अगत्ती बेटापर्यंतच, आम्ही कोचीहून रातभर जहाजानं. बेट जेमतेम चार चौरस किलोमीटर. ज्यांच्याकडं उतरलो त्या बाईंची विहीर इतकी उथळ की दोर हातभर सोडला की बादली टेकते, पण पाणी मचूळ. पिण्याचा हंडा वेगळा, त्यावर ताट झाकलेलं. 2005 पासून तिथं समुद्राचं पाणी गोडं करतात, वाफ थंडी करायला खोल समुद्रातलं गार पाणी ओढून. यांना लय आवडलं. पण सासूबाईंचा दमा, न् पावसाळ्यात जहाजाचा नेम नाही. नाही गेलो. तुमचं सांगा.

काळीमाती: आम्ही गडचिरोलीत भामरागडले होतो. पर्लकोटा नदी चढली की पूल गडप, तालुकाच बेट. तेल-मीठ-तांदूळ जूनच्या आत भरून ठेवायचं. बाळंतीण असली घरात की जीव टांगणीला.

संत्रा_वरुड: ताई, ज्वारी भेटते का तिकडं?

पऱ्हाटी: नाही हो. भात, नारळ, टुना. मी पीठ नेलं होतं, दमट हवेनं गोळे झाले.

मोहफूल: मी अंदमानात नील बेट पाहून आलो, आता शहीद द्वीप म्हणतात. हॉटेलचं काम होतं. घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात पाचलाच दिवस मावळते. समुद्र खवळला की बोट बंद. बायको म्हणे संध्याकाळ खायला उठते. मले मात्र अजून जावंसं वाटते.

संत्रा_वरुड: जा ना भाऊ, पोरं लहान आहेत तोवर. बरं, संत्र्याचा मृग बहार फुटला का कोणाचा? आमच्याकडं झाडांना पाण्याचा ताण बसलाच नाही.

काळीमाती: बहाराचं काय घेऊन बसले राजेहो, इथं सोयाबीन पिवळं पडून राह्यलं.

नर्सबाई: मध्येच लिहिते, ड्युटीवर आहे. माझ्या बहिणीला कवरत्तीच्या दवाखान्यात विचारलंय. परमिट कुठून काढलं ताई? आई रडून राहिली.

पऱ्हाटी: कोचीत विलिंग्डन बेटावर लक्षद्वीप प्रशासनाची कचेरी आहे. पोलिसांचा दाखला आधीच काढायला लावा, त्यालाच वेळ लागते. जहाजात चढायच्या आधी उलटीची गोळी घ्यायची. न् आईलाही सोबत न्या पाहायला, माणसं लय मायाळू आहेत.