मशीनवर एमएस ऑफिस पुन्हा टाकण्याआधी तुम्ही काय काय उचलून ठेवता? अनुभव सांगा

दांडियाबाजार
आमच्या कचेरीत या आठवड्यात सगळ्या मशीनवरचं जुनं ऑफिस काढून नवीन टाकताहेत. ऑफिस २०१६ आणि २०१९, दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. इन्स्टॉल करणारा मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बेन, डेटा क्यां छे?" (डेटा कुठे आहे?) आणि मला एकदम आमच्या काकांचा कुलवृत्तांत आठवला.

काका निवृत्त झाल्यावर घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करत होते. कोकणातून बडोद्याला आलेली शाखा, सयाजीराव महाराजांच्या काळात कोण कुठल्या खात्यात लागलं, कोणाची मुलगी कुठे दिली, सगळं. वर्डमध्ये, शिवाजी फाँटमध्ये. मशीन फार अडकायला लागलं म्हणून एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट करून, म्हणजे पुसून, विंडोज आणि ऑफिस नव्याने टाकलं. फाइल्स त्याने आधी डी ड्राइव्हवर नीट हलवल्या होत्या, एकही गेली नाही. पण काकांनी फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. फाँट कोणी उचललाच नव्हता. त्या रात्री काका जेवले नाहीत.

खरं तर मजकूर होता तिथेच होता. त्या जुन्या फाँटमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचं चित्र बसवलेलं असतं. फाँट गेला की खालचं इंग्रजी वर येतं. हे आम्हाला रावपुऱ्यातल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या भाईंनी समजावलं, आणि त्यांच्याकडे तोच फाँट होता! पेनड्राइव्हवर दिला, पैसे घेतले नाहीत. काका असेपर्यंत दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा जायचा.

डॉक्युमेंट्स सगळेच कॉपी करतात. त्याशिवाय तुमचं काय राहून गेलं, काय वाचलं, लिहा ना. मला परवापर्यंत हवंय :)

वाडीवाली
काकांचं वाचून कालवलं गं. आमच्या सासऱ्यांची कीर्तनाची आख्यानं अशीच श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये आहेत, त्याला तर मशीनला लावायचा लायसन्सचा डोंगल लागायचा. तो माळ्यावर दिवाळीच्या कंदिलात सापडला!! आता बाहेर पाहुणे आलेत नंतर लिहिते

निवृत्त_कारकून
फाँटबद्दल एक भर. विंडोज १० पासून फाँट दोन ठिकाणी असू शकतो. एक नेहमीचा, सी ड्राइव्हच्या विंडोजमधल्या फाँट्समध्ये. पण फक्त आपल्या लॉगिनपुरता टाकला असेल तर तो यूजरच्या ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स असा आत जाऊन बसतो. दोन्हीकडे बघावे. आणि जमेल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, मग फाँट मंगल असो की दुसरा कुठला, अक्षर अक्षरच राहते.

दांडियाबाजार
केलं काका. चुलत बहिणीने कन्व्हर्टरमधून काढलं आणि मग रफार, जोडाक्षरं एकेक ओळ बघून दुरुस्त केली. 'र्‍या' सगळीकडे मोडला होता.

मकरपुरा_खरेदी
मेल मेल मेल. जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) खरेदी विभागात आहे, आमचे सगळे रेट आणि भांडणं मेलवरच. आउटलुकमध्ये पॉप खातं असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून पीएसटी फाइलमध्ये येते आणि बऱ्याचदा तिथून पुसली जाते. म्हणजे ती एकच प्रत. आउटलुक २०१० पासून ती डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्समध्ये असते, त्याआधीची ॲपडेटामध्ये लपलेली. नुसतं ऑफिस काढलं तर पीएसटीला काही होत नाही, पण "साथे साथे फॉरमॅट पण करी दऊं?" (सोबत फॉरमॅटही करून देऊ?) असं तो म्हणाला तर हात धरा त्याचा. ओएसटी फाइल दिसली तर तिचा एवढा घोर नको, ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते, तिथून परत बनते.

अकोटा_७
आणि पीएसटी पेनड्राइव्हवर जात नाही!! जागा ३२ जीबी मोकळी, फाइल ६ जीबीची, तरी म्हणतं फाइल मोठी आहे. आमच्याकडे सगळे पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून बदलत बसले होते

मकरपुरा_खरेदी
पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी त्यावरचं काढून घेऊन.

अकोटा_७
झालं. कॉपी चालू आहे. भाई तुम्हाला सेव उसळ लागू, डबल तरी मारून

वाडीवाली
कुठली सेव उसळ? रविवारी माझी नणंद येतेय पुण्याहून, तिला तिखट झेपत नाही पण हट्ट आहे

अकोटा_७
ताई तरी वेगळी मागा वाटीत, मग झेपेल

रिपोर्टटायपिस्ट
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. फाइल्स लॅबच्या सर्व्हरवर असतात, माझ्या मशीनवर काहीच नाही असं सगळे समजतात. पण वर्डच्या डिक्शनरीत मी वर्षानुवर्षं शब्द भरलेत, जंतूंची नावं, औषधं, डॉक्टरांची आडनावं. चुकीचं स्पेलिंग लगेच लाल दिसतं, आणि रिपोर्टमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर समोर पेशंट असतो. मागे दुसऱ्या टेबलावरचं मशीन बदललं तेव्हा तिच्या पानावर सगळंच लाल, आणि सगळंच लाल असलं की खरी चूक दिसत नाही. तेव्हापासून मी कस्टम डॉट डिक ही फाइल जपते. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ. नोटपॅडमध्ये उघडते, साधी शब्दांची यादी असते. तिच्या मशीनवर मग माझीच फाइल टाकली.

दांडियाबाजार
हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. ॲपडेटा मला दिसतच नाहीये पण

निवृत्त_कारकून
लपवलेले असते. विंडोज आणि आर एकत्र दाबा, टक्क्याचे चिन्ह, ए-पी-पी-डी-ए-टी-ए, पुन्हा टक्क्याचे चिन्ह, एंटर. थेट रोमिंग उघडेल. तिथे मायक्रोसॉफ्टमध्ये टेम्प्लेट्स, सिग्नेचर्स, यूप्रूफ आणि एक्सेल ही चार फोल्डर तरी घ्याच. टेम्प्लेट्समध्ये नॉर्मल नावाची फाइल आहे, वर्डमधल्या तुमच्या स्टाइल, मॅक्रो (एका बटणावर होणारी, साठवून ठेवलेली कामे), ऑटोटेक्स्ट तिच्यात असतात. मी वकिलाकडे होतो, वकीलपत्र आणि सोगंदनाम्याचे (प्रतिज्ञापत्राचे) ठरलेले परिच्छेद चार अक्षरे टाइप केली की उमटायचे. ते सगळे त्या एका फाइलमध्ये. साहेबांच्या मुलाने लॅपटॉप घेतला तेव्हा मी ती फाइल आधी दिली, बाकी नंतर. कॉपी करताना वर्ड बंद ठेवा.

पगारपत्रक
एक्सेल फोल्डरच्या आत एक्सएलस्टार्ट, त्यात पर्सनल नावाची फाइल. मॅक्रो रेकॉर्ड करताना 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' निवडलं असेल तर ते तिथे जातात, तुमच्या पगाराच्या शीटमध्ये नाही. आणि नवीन ऑफिस बहुतेक ६४ बिट येईल, जुनं ३२ असेल तर काही मॅक्रो पहिल्याच ओळीला अडतात. त्यात डिक्लेअर या शब्दापुढे पीटीआरसेफ लिहावं लागतं. जुनं कितीचं आहे ते काढण्याआधी बघून ठेवा, फाइल मेनू, अकाउंट, अबाउट. महिन्याच्या २८ तारखेला हे काम कोणाला करू देऊ नका प्लीज. लोकांचे पगार असतात

समा_रोड
मला फाइलपेक्षा जागेबद्दल लिहायचंय. आमचं घर तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा बाबांचं मशीन आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात होती. बाबा बॅकअपच्या बाबतीत फार काटेकोर, दर महिन्याला घ्यायचे, तारीख लिहिलेली चिठ्ठी डिस्कवर चिकटवलेली. पाणी उतरल्यावर दोन्ही चिखलातून काढल्या. जे परत मिळालं ते माझ्या आतेभावाकडे अहमदाबादला होतं, बाबांनी त्याला कधीतरी फोटो आणि मृत्युपत्राचे कागद पाठवले होते म्हणून. तेव्हापासून एक डिस्क आत्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर असते. मशीनवरची एक, घरातली एक आणि घराबाहेरची एक, एवढं झाल्याशिवाय मी कोणाला मशीनला हात लावू देत नाही.

वाडीवाली
अरे देवा. तुमच्याकडे किती दिवस पाणी होतं? आमच्याकडे वीज नव्हती, पाणी नाही आलं. बाबा बरे आहेत ना आता

समा_रोड
बरे आहेत ताई, थँक्यू. नवीन मशीन टेबलावर उंच ठेवलंय

अकोटा_७
पण वनड्राइव्हवर असेल तर हे सगळं कशाला? आपोआपच जातं ना

पगारपत्रक
वनड्राइव्ह सिंक करतं, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. घरगुती खात्यात रिसायकल बिनमध्ये ३० दिवस मिळतं, मग गेलं. फुकट जागाही ५ जीबीच, तुमची पीएसटीच ६ ची आहे. पूर आला तर उपयोगाचं आहे, ते मान्य. चुकून पुसण्यावर मात्र वेगळी डिस्कच हवी.

रिपोर्टटायपिस्ट
आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसतं फोल्डर दिसतंय म्हणून भरवसा ठेवू नका. मधलीच एखादी फाइल उघडा

दांडियाबाजार
सगळ्यांचे किती आभार मानू. सिग्नेचर्स, यूप्रूफ, टेम्प्लेट्स घेतलं, फाँट दोन्हीकडचे घेतले. पीएसटी रात्री लावून जाते. ऑफिस ज्या मेल आयडीवर घेतलं होतं तो कोणाचा हे साहेबांना विचारायचंय, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला तर सगळंच अडेल. हिशेबाच्या टॅलीचं काही करायचं का? ते त्याच मशीनवर आहे.

मकरपुरा_खरेदी
आयडीचं आजच विचारा. जुन्या डब्याचं ऑफिस असेल तर २५ अक्षरांची की शोधा, डबा टाकला नसेल तर त्यातच मिळेल.

पगारपत्रक
ऑफिस टाकल्याने टॅलीला धक्का नाही, पण फॉरमॅट झालं तर जाईल. टॅलीमधूनच बॅकअप घ्या, आणि डेटा फोल्डर अख्खं वेगळं कॉपी करा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डर दिसतील, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी. पत्ता टॅलीच्या सेटिंगमध्ये दिसतो, सी ड्राइव्हवरच असेल असं धरू नका. आणि त्याच वेळी कोणी टॅली पण नवीन करून देतो म्हणालं तर आधीच्या आवृत्तीतली कॉपी बाजूला ठेवा, नव्यात बदललेला डेटा जुन्यात परत उघडत नाही. तुमची कुठली आवृत्ती आहे?

दांडियाबाजार
ईआरपी ९ लिहिलंय

पगारपत्रक
ती जुनी आहे, मग या वेळी फक्त ऑफिस करून घ्या. टॅली नंतर, टॅक्सचं रिटर्न भरून झाल्यावर. मला कळवा, मी येऊन जाईन, रावपुऱ्यातच असते मी